तळाचा गाळ

१४ जानेवारी

भाऊजी,

फोन तुम्ही उचलत नाही, आणि का उचलावा तेही मला सांगता यायचं नाही. पण पत्राचं एक बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पत्ता कुठून मिळवला ते विचारू नका. तुमच्या बिअरच्या कारखान्यात लेबलं चिकटवायची ती बाई आता आमच्या कोपऱ्यावर पाव विकते, एवढंच सांगते. तिला बोल लावू नका, मीच तिचं डोकं खाल्लं होतं.

विशेष काही नाही. तुमची एक बाटली मी प्यायले.

हसा आता पोटभर. तुमच्या कारखान्याच्या उद्घाटनाला सगळ्यांच्या हातात बिअरचे ग्लास आणि माझ्या हातात सरबताचा, असा फोटो अजून आहे आपल्याकडे. तीच मी. झालं असं, की हे बॉयलर इन्स्पेक्टरच्या नोकरीतून रिटायर झाले आणि घरात माझ्या मागे मागे फिरायला लागले. परवा म्हणाले, "तळघर रिकामं कर, मला हत्यारं मांडायचीत. तिथला कचरा भंगारात दे." कचरा म्हणजे तुमचं सामान. ते मोठं पिंप, झाकणं दाबायचं यंत्र, आणि तुम्ही शिकण्यासाठी म्हणून बेल्जियमहून मागवलेल्या बाटल्यांची खोकी.

मला असा काही राग आला! सख्ख्या भावाच्या बॉयलरला नापास करून, तारेचं सील लावून हे घरी आले आणि हात धुऊन जेवायला बसले, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. कारखाना बंद पडला, तुम्ही गाव सोडलंत आणि ‘बारक्या’ हा शब्द या घरातून गेला. मी एकदा चुकून काढला, तर ताटावरून उठले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तर मी त्याच पिंपावर बसले, एक बाटली घेतली आणि बुचावरची तार सोडवली. बुचाने बंदुकीच्या गोळीसारखी छताला टक्कर दिली, भाऊजी! छतावर खळगा पडलाय, अजून दिसतो. घाबरून मी ओढणीनेच तोंड पुसलं आणि स्टीलच्या पेल्यात ओतून प्यायले. मला वाटलं होतं, कडू कारल्यासारखी असेल. तर ती कशी निघाली म्हणून सांगू? आधी मनुका, मग लवंग, मग भाजलेल्या साखरेचा वास, आणि सगळं गिळून झाल्यावर घशात राहिलेली ऊब. मी पिंपावर बसून रडले. दारू चढली म्हणून नाही. इतकं चांगलं काहीतरी तुम्ही करायला निघाला होतात आणि मी सरबत पीत उभी होते, म्हणून.

तुमची वहिनी


२ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर नाही आलं. येऊ नका देऊ. मी लिहिणारच.

ह्यांनी मला पकडलं. दुपारी तळघरात मी दुसरी बाटली उघडून बसले होते, फिकट, ढगाळ, जिच्यात म्हणे धने आणि संत्र्याची साल घालतात ती. धने! जन्मभर डब्यातून काढले, पण ते असेही लागतात हे कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. मी म्हटलं, आटोपलं आता. हे आले, पेला माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, वास घेतला. मग म्हणाले, "पेल्यात काय पितेस? हिला तोंड रुंद असलेला ग्लास लागतो. आणि थंड फार केलीस, वास मरतो."

हे ह्यांना कुणी सांगितलं असेल, ते मी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. खोक्यातून तुमचे ते उंच दांड्याचे ग्लास मात्र ह्यांनीच शोधून काढले, कागदात गुंडाळलेले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक बाटली दोघांत. ग्लास तिरपा धरून हे सावकाश ओततात, शेवटचं बोटभर बाटलीत ठेवतात, कारण तळाशी गाळ असतो. एक आंबट होती, कच्च्या सफरचंदासारखी, हिला तर जुन्या लाकडाचा वास येतो असं म्हणून ह्यांनी माझाही ग्लास संपवला. आणि बोलतात हो! नोकरीतल्या गोष्टी, कुठल्या गिरणीत कुणाचा बॉयलर कसा फुगला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण समोरासमोर बसून आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. मला आता दुपारपासूनच संध्याकाळची वाट बघायची सवय लागली आहे. मी सुखात आहे, भाऊजी. हे तुम्हाला सांगायला लाज वाटते, कारण बाटल्या तुमच्या आहेत.

फक्त एक आहे. तुमचं नाव निघेल असं काहीही बोलायचं नाही. मी ते पाळते. नाहीतर ग्लास खाली ठेवून हे उठून जातील, आणि मग गेली ती संध्याकाळ.

तुमची वहिनी


२३ फेब्रुवारी

भाऊजी,

खोकी संपली. आणि आता बातमी ऐका. तुमचे थोरले बंधू बिअर करतायत.

शेवटच्या बाटलीतला गाळ ह्यांनी टाकू दिला नाही. म्हणाले, "यीस्ट आहे ते. झोपलंय फक्त." साखरेच्या कोमट पाण्यात घालून बरणी कपाटावर ठेवली. मी म्हटलं, इतकी वर्षं तळघरात पडलेलं काय जागं होणार? पण एके दिवशी सकाळी बरणीत बारीक बुडबुडे. हे मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले, मूल झाल्यासारखं. तुमचा गाळ जिवंत निघाला.

मग माल्टच्या पाकाचे डबे आले, हॉप्सची वाळकी फुलं आली, तुमचं पिंप घासून लखलखीत झालं. जुन्या सवयीने ह्यांनी प्रत्येक बाटली बॅटरीने तपासली, पेनाने टिचकी मारून आवाज ऐकला. तुमच्या जाड बाटल्या कमी पडल्या म्हणून सोड्याच्या साध्या बाटल्याही घेतल्या. मी म्हटलं, ह्या पातळ वाटतात. तर म्हणाले, "प्रेशरचं मला शिकवू नकोस."

आता तुम्हाला एक सांगते, त्यांना सांगितलेलं नाही. बाटल्या भरायच्या दिवशी हे माल्ट बोलले, हॉप्स बोलले, तापमान बोलले, पण साखरेचं नाव नाही. मला पक्कं आठवतंय, अगदी सुरुवातीला, कारखाना नव्हता तेव्हा, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून एकेका बाटलीत चमच्याने साखर घालायचात. बाटलीत फेस धरायचा तर शेवटी साखर लागते, असं म्हणायचात. हे विसरले असणार. आणि आठवण करून द्यायची तर तुमचं नाव घ्यावं लागणार. म्हणून मी बाटल्या शेवटचं विसळायला वर नेल्या आणि प्रत्येकीत एक एक चमचा साखर घालून खाली आणल्या. तपकिरी काच, आतून ओली. ह्यांना काय दिसतंय!

बरोबर केलं ना? एवढं तरी कळवा.

एक बाटली मात्र ह्यांनी वेगळी केली. तुमच्या जाड बाटल्यांमधली, बूच आणि तार लावून. सगळ्यांत वरच्या फळीवर एकटी ठेवली आहे. मी विचारलं, "ही कुणासाठी?" म्हणाले, "असू दे." जिना चढताना माझे पाय हलके झाले होते.

तुमची वहिनी


१९ मार्च

भाऊजी,

पहिली बाटली उघडली. चव तुमच्या त्या बाटल्यांच्या जवळपासची आहे. रंग जरा गढूळ, पण लवंग आहे, मनुका आहेत, आणि तो शेवटचा ऊबदारपणाही आहे. ह्यांनी घोट घेतला, ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "जमलं की नाही?" असा आवाज मी ह्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. मी म्हटलं, जमलं, अगदी जमलं.

हे सगळं खरं आहे. पण उघडताना काय झालं तेही सांगते. झाकण नुसतं उचललं, आणि अर्धी बाटली छताला. टेबल, पडदे, ह्यांचा शर्ट, सगळं चिकट. दोघंही हसून हसून बेजार झालो. दुसरी बाटली तिसऱ्या दिवशी उघडली, ती त्याहून वर गेली. तेव्हा मी हसले, पण हे नाही हसले. झाकण हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले.

ऊन वाढलंय. तळघर पूर्वी थंड असायचं, आता पायरी उतरताना गरम वाफ अंगावर येते. मांजर आधी तिथेच झोपायचं, आता दाराशी जाऊन परत येतं. काल मी खाली गेले तर काही झाकणं मध्ये फुगल्यासारखी वाटली. माझे डोळे काय, आता चष्म्याशिवाय कामाचे नाहीत. पण कान लावला तर आतून बारीक आवाज येतो. कुणीतरी मिटलेल्या दातांतून श्वास घ्यावा तसा.

भाऊजी, असा आवाज येतो का? येत असेल तर नुसतं ‘येतो’ एवढं लिहून पाठवा. सही नको, काही नको.

तुमची वहिनी


५ एप्रिल

भाऊजी,

काल दुपारी एक बाटली फुटली.

आम्ही दोघं पडलो होतो. आधी वाटलं, रस्त्यावर कुणाचा टायर गेला. मग खालून काचा पडल्याचा आवाज आला, आणि मग पाणी ठिबकावं तसा, बराच वेळ. हे उठून गेले. मी मागून गेले तर ह्यांनी हात आडवा धरून मला पायरीवरच थांबवलं. सोड्याची बाटली होती. तिचा एक तुकडा समोरच्या दाराच्या लाकडात घुसला होता, माझ्या खांद्याच्या उंचीवर. ह्यांनी पकडीने तो उपसून काढला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. म्हणाले, "काच खराब होती. एखादी निघते."

रात्री जेवताना मी म्हटलं, "सगळ्या ओतून टाकू या का?" तर म्हणाले, "मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. ही माझी पहिली वस्तू आहे. एका बाटलीसाठी ओतू?" आणि आज सकाळी बनियनवर खाली गेले, बाटल्या बघायला. रोज जातात. उघड्या हातांनी, तोंड अगदी फळीजवळ नेऊन एकेक बघतात. मी वर स्वयंपाकघरात उभी राहते आणि ते वर येईपर्यंत हातातली वस्तू खाली ठेवत नाही.

मला भीती वाटते, भाऊजी. साखर सांगावी म्हणते. पण सांगायची तर ती कुणाची पद्धत, तेही सांगावं लागणार.

तुमची वहिनी


१० एप्रिल

भाऊजी,

आज पिंप उचलून बाजूला ठेवायला गेले तर त्याच्या मागे खडीसाखरेची पुडी सापडली. रिकामी. घरात खडीसाखर मी आणत नाही.

म्हणजे हे विसरले नव्हते. ह्यांनी आधीच पिंपात साखर विरघळवली होती, आणि मला सांगितलं नाही. वर मी प्रत्येक बाटलीत चमचा घातला, आणि त्यांना सांगितलं नाही. दुप्पट झाली. एका घरात राहतो, एका टेबलावर पितो, आणि साखर घातली एवढं एकमेकांना सांगू शकलो नाही.

आता रागवायला वेळ नाही. काल संध्याकाळी आणखी एक फुटली, ह्यांनी वर येऊन नुसतं दार ओढून घेतलं. उद्या सकाळी मात्र पुन्हा खाली जाणार म्हणतात, सोड्याच्या बाटल्या वेगळ्या काढायला. हाताने.

मी ठरवलंय. आज दुपारी हे पेन्शनच्या कामाला बाहेर जातील, तेव्हा मी खाली जाणार आणि सगळी झाकणं थोडी थोडी सैल करणार. हवा निघून गेली की झालं. जन्मभर डबे-बरण्या उघडल्या, त्यात काय मोठं? हवा गेली म्हणजे बिअर सपक होईल, हे म्हणतील जमली नाही, आणि पुन्हा करू. साखरेची गोष्ट निघणारच नाही. संध्याकाळी ग्लास घेऊन बसता आलं पाहिजे, बाकी मला काही नको.

सुरुवात वरच्या फळीवरच्या बाटलीपासून करणार. ती तुमची आहे, मला माहीत आहे. बाकीच्या गेल्या तरी चालतील, ती फुटता कामा नये.

हे चप्पल घालतायत. हे पत्र पाकिटात घालून ठेवते, उद्या टाकते.

तुमची वहिनी


१८ एप्रिल

बारक्या,

हे पत्र दवाखान्यातल्या खाटेवरून तुझी वहिनी सांगते आहे आणि मी लिहितो आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. सोबतचं पाकीट टेबलावर होतं, त्यावर तिचा चष्मा ठेवलेला होता. पाकीट मी उघडलेलं नाही. पत्ता त्यावरून मिळाला.

ती म्हणते, आधी कुशल विचारा. तू बरा आहेस ना?

दहा तारखेला मी पेन्शनच्या कामावरून परत आलो तेव्हा ती तळघराच्या पायरीवर बसली होती, ओढणी तोंडाला धरून. वरच्या फळीवरची बाटली तिने खाली घेतली नाही, स्टुलावर चढून तिथेच तार सोडवायला गेली. बूच सरळ उजव्या डोळ्यावर बसलं. डावा वाचेल असं डॉक्टर म्हणतात. उजव्याचं विचारलं की दुसरंच काहीतरी बोलतात. मी इतकी वर्षं इन्स्पेक्शन केलं. खरं उत्तर टाळणारा माणूस मला ओळखता येतो.

ती म्हणते, हे एवढं कशाला लिहिता, त्यांना वाईट वाटेल. मी लिहिलं आहे, खोडणार नाही.

आता ती सांगते आहे की बाटल्यांत तिने चमच्याने साखर घातली होती.

इथे मी लिहायचा थांबलो होतो. साखर मी पिंपात घातली होती. तिला ते त्याच दिवशी कळलं म्हणते, पिंपामागे रिकामी पुडी सापडली तेव्हा. मला आत्ता कळतं आहे, लिहिता लिहिता. मी विचारलं, "चमच्याने घालायची हे तुला कुणी सांगितलं?" तर म्हणाली, "बारक्या भाऊजींनी." स्पष्ट म्हणाली. मी म्हटलं, "तो पिंपात घालायचा." तुझ्या बॉयलरला सील लावायला आलो होतो त्या दिवशी तू पिंपात साखर ढवळत होतास. मी दारात उभा राहून बघत होतो. तुझं ढवळणं होईपर्यंत थांबलो आणि मग आत आलो. ती म्हणते, नाही, चमच्याने, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या समोर. अर्धा तास आम्ही यावरून भांडलो. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, इथे आजारी माणसं आहेत.

मग नर्सही येऊन ओरडली, तेव्हा तुझी वहिनी हसली. मी नाही हसलो. मला रडू आलं, तिला ते दिसलं नाही एवढं बरं.

बॉयलर मी तेव्हा नापास केला ते बरोबरच होतं. आजही नापास करीन. हे तुला माहीत असलेलं बरं, मी उगाच गोड बोलतो आहे असं वाटायला नको.

ती बाटली तुझ्यासाठी होती. ती आता नाही. बाकीच्या सगळ्या तशाच उभ्या आहेत. रोज दुपारी ऊन खिडकीशी आलं की एखादी फुटते. दवाखान्यातून घरी गेलो की मी पायरीवर बसून ऐकतो. पुढच्या आठवड्यात हिला घरी आणायचं आहे. स्वयंपाकघर तळघराच्या बरोबर वर आहे, आणि दिसत नसताना तिला तो आवाज ऐकवायचा नाही. मी एकटा उतरलो असतो. पण आता हिला हाताला धरून फिरवायला मी लागतो, मला काही होऊन चालणार नाही. आणि आत जाऊन नेमकं काय करायचं असतं, आधी कुठली धरायची, कशी धरायची, ते मला येत नाही. प्रेशर मला येतं. बिअर येत नाही. ती तुला येते.

माझा वेल्डिंगचा मुखवटा आणि जाड हातमोजे जिन्यात काढून ठेवले आहेत. दोन जोड आहेत.

वहिनी म्हणते, शेवटी लिहा, साखर कशी घालायची ते प्रत्यक्ष येऊनच सांगा, पत्रात नको.

दाराला मी कुलूप घातलेलं नाही, तार लावली आहे आणि शिसं दाबलं आहे, तुझ्या बॉयलरला लावलं होतं तसंच. कुणी चुकून आत जाऊ नये म्हणून. सील मी लावलं आहे. तोडायला तू ये.

दादा